शिडाच्या नावेवरचा तो उजेड येतो कुठून?

प्रश्न विचारणारे रत्नागिरीकडचे शिक्षक आहेत. सुट्टीच्या दिवशी मिरकरवाड्याच्या जेटीवर बसून तैलरंगात होड्या रंगवतात. कास्पार डाव्हिड फ्रीडरिश या जर्मन चित्रकाराचं 'शिडाच्या नावेवर' हे चित्र त्यांना फार आवडतं. त्यांनी विचारलंय: "त्या चित्रातलं आभाळ आतून उजळल्यासारखं दिसतं. मी कॅडमियम यलो, ऑरेंज, वरून पांढरा, सगळं लावून बघितलं. माझं आभाळ पिवळं होतं, पण उजळत नाही. हा माणूस नेमका कुठला रंग वापरत होता?"

तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण अडचण तिथंच आहे. तुमच्या ट्यूबमधला कॅडमियम यलो फ्रीडरिशकडे नव्हताच. कॅडमियम हा धातू सापडला १८१७ साली, आणि त्याचे पिवळे रंग बाजारात यायला १८४० चं दशक उजाडलं. फ्रीडरिश ७ मे १८४० रोजी ड्रेस्डेनमध्ये वारला. 'शिडाच्या नावेवर' हे चित्र १८१८ ते १८२० या काळातलं. तुमचा टिटॅनियम व्हाइटही त्याला माहीत नव्हता, तो विसाव्या शतकातला. त्याच्या वेळी तैलरंगात पांढरा म्हणजे शिशाचा सफेदा, आणि पिवळ्यात यलो ऑकरसारखी माती, नेपल्स यलो, फार तर नव्यानं निघालेला क्रोम यलो. आज कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा बारा ट्यूबांचा डबा त्या पॅलेटपेक्षा भडक आहे. तरी उजेड त्याच्या चित्रात आहे आणि आपल्या चित्रात नाही.

मी पस्तीस वर्षं तैलरंग शिकवतोय. हा प्रश्न आला की मी विद्यार्थ्यांना आधी एक छोटं काम देतो, ते तुम्हीही करा. जाड कागदाला पंचिंग मशीननं एक भोक पाडा. फ्रीडरिशच्या चित्राची बरी छपाई घ्या. मोबाइलवर नको, मोबाइल प्रत्येक पिवळा आपल्या मनानं भडक करतो, आणि एकाच चित्राच्या दोन फोटोंत दोन वेगळी आभाळं दिसतात. आता ते भोक त्या आभाळातल्या सगळ्यात उजळ जागेवर ठेवा. भोकातून काय दिसतं? ताकात हळदीचं बोट बुडवल्यावर येईल तसा फिका, किंचित करडा रंग. एकटा पाहिला तर भिंतीला कुणी लावणार नाही असा. मग तोच कागद तुमच्या आभाळावर ठेवा. तिथं जिलेबीसारखा केशरी दिसेल, भोकात तो फ्रीडरिशच्या रंगापेक्षा कितीतरी ताजा वाटेल. कागद बाजूला केला की मात्र त्याचं ताक उजळतं आणि तुमची जिलेबी जागेवर बसून राहते.

याचं कारण समजून घेतलं की निम्मं काम झालं. कॅनव्हासवरचा सगळ्यात पांढरा रंग सगळ्यात काळ्या रंगाच्या तीस-चाळीस पट उजेड परत पाठवतो, त्याहून फार जास्त नाही. समुद्रावर टेकलेला सूर्य आणि होडीच्या पोटाखालची सावली यांच्यातलं अंतर मात्र हजारो पटींचं असतं. म्हणजे निसर्गाच्या रकमेतले थोडेच पैसे आपल्या खिशात आहेत. ते कुठं खर्चायचे हे आधी ठरवावं लागतं. भडक केशरी लावणारा माणूस ते नको तिथं उधळतो, कारण केशरी जितका ताजा तितका तो पांढऱ्यापासून लांब, म्हणजे तितकाच गडद. तुमच्या चित्राचा एक फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करून बघा. मी पैजेवर सांगतो, तुमचं पेटलेलं आभाळ आणि खालचं पाणी दोन्ही एकाच करड्या रंगाचे निघतील. डोळ्याला उजेड कळतो तो आधी गडद-फिक्या पायऱ्यांवरून. पिवळा की केशरी हे त्यानंतर.

फ्रीडरिशला हे कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. तो शिकला सेपियातून. सेपिया म्हणजे तपकिरी शाई पाण्यात पातळ करत कागदावर वॉश देत जायचे. एकच रंग, आणि उजेड म्हणजे न रंगवलेला कागद. कोपेनहेगनच्या अकादमीत १७९४ ते १७९८ अशी चार वर्षं काढून तो ड्रेस्डेनला आला आणि पुढची कित्येक वर्षं मुख्यतः रेखाटनं आणि सेपिया करत राहिला. १८०५ साली वायमारमध्ये जर्मन कवी ग्योथेच्या पुढाकारानं भरणाऱ्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं तेही सेपियाच्या दोन चित्रांना. तैलरंगाकडे तो नेटानं वळला १८०७ च्या सुमाराला, तेव्हा त्याचं वय तेहतीस. तोपर्यंत त्याचा डोळा एका रंगातल्या चढउतारांवर पोसला गेला होता. आपल्यापैकी बहुतेकांचा प्रवास उलटा होतो. पहिल्या दिवसापासून हातात पूर्ण पेटी, आणि टोन शिकायचे राहून जातात.

आपल्याकडेही ही गोष्ट ज्याला पुरती उमगली होती असा एक माणूस होऊन गेला. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर. हातात समई धरलेल्या स्त्रीचं त्यांचं 'ग्लो ऑफ होप' हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, आणि आजही कितीतरी लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. ते जलरंगातलं आहे. जलरंगात उजेड वरून लावायची सोय नसते. बोटांच्या फटीतून झिरपणारा तो लालसर प्रकाश म्हणजे पातळ वॉशच्या खालून वर येणारा कागद. फ्रीडरिश आणि हळदणकर यांच्यात शतकाहून जास्त अंतर, माध्यमं वेगळी, विषयांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोघांचाही उजेड खालून येतो. तुम्ही कोकणातले आहात म्हणून सांगतो, म्हैसूरला जाणं झालं तर त्या चित्रासमोर अर्धा तास उभे राहा. दहा वर्गांत जे शिकवून होत नाही ते तिथं दिसतं.

आता फ्रीडरिश काम कसा करायचा, ते. त्याचा मित्र गेओर्ग फ्रीडरिश केर्स्टिंग यानं त्याच्या स्टुडिओची चित्रं काढली आहेत. त्यातलं १८११ चं चित्र हांबुर्गला आहे. खोली जवळजवळ रिकामी. एक ईझल, एक खुर्ची, भिंतीवर पट्टी आणि गुण्या टांगलेला. खिडकीचा खालचा भाग फळीनं बंद केलेला, उजेड फक्त वरच्या भागातून येतो. बाहेरचं झाड, रस्ता, समोरचं घर, काही दिसायला नको आणि कॅनव्हासवर पडणारा उजेड दिवसभर एकसारखा राहायला हवा. तुमच्या घरात खोली रिकामी करा असं मी म्हणणार नाही, पण खिडकीचा खालचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकून बघा. हा एक बदल अनेकांच्या चित्रात मी डोळ्यांनी पाहिलाय.

डॉक्टर आणि चित्रकार कार्ल गुस्ताफ कारुस हा त्याचा आणखी एक मित्र. त्यानं लिहून ठेवलंय की फ्रीडरिश तैलचित्रासाठी रंगीत कच्चे खर्डे करत नसे. मनात चित्र पूर्ण उभं राहीपर्यंत कॅनव्हासला हातच लावत नसे. मग खडूनं आणि पेन्सिलीनं हलकं रेखाटन, त्यावर शाईनं नेमकी रेघ, आणि लगेच पातळ अंडरपेंटिंग, म्हणजे गडद-फिकं ठरवणारा खालचा थर. पुढचं सगळं या रेघेवर पातळ थरांनी चढत जाणारं. जहाजांची, दोरांची, झाडांची अभ्यासचित्रं त्याच्या वह्यांत भरपूर असत आणि ती वर्षानुवर्षं तो वापरत असे. पण आभाळाचा निर्णय डोक्यात पक्का झालेला असे. तुम्ही जेटीवर बसून आभाळ शोधत शोधत रंगवता. शोधताना थर चढतात, आणि थर चढले की कॅनव्हासचा पांढरा मरतो.

पातळ थरानं काय होतं हे एकदा नीट सांगतो. पारदर्शक रंगाच्या पातळ थरातून उजेड आत जातो, खालच्या पांढऱ्या अस्तरावर आपटतो आणि त्याच थरातून परत बाहेर येतो. एका थरातून दोनदा गेलेला हा उजेड डोळ्याला आतून आल्यासारखा वाटतो. टिटॅनियम व्हाइट मिसळलेला जाड पिवळा त्याला वरच्यावर अडवतो. त्यामुळे ती जागा पांढरी दिसते, पण चुन्यासारखी.

आता खुद्द चित्राकडे येऊ. माझा जीव त्यातच आहे.

सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात ते आहे. आकार ७१ बाय ५६ सेंटिमीटर, म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरपेक्षा थोडं मोठं. मी ते एकदाच प्रत्यक्ष पाहिलं. लांबून ज्याच्याकडे ओढला गेलो ते जवळ गेल्यावर इतकं लहान आणि इतकं गुळगुळीत निघालं की क्षणभर चुकीच्या चित्रापुढे उभा आहे असं वाटलं. ब्रशची खूण म्हणून सापडत नाही.

१८१८ च्या जानेवारीत फ्रीडरिशनं कारोलिन बॉमरशी लग्न केलं. तो त्रेचाळीस वर्षांचा होता. त्याच उन्हाळ्यात तो नव्या नवरीला घेऊन आपल्या गावी, बाल्टिक समुद्रकाठच्या ग्राइफ्सवाल्डला आणि पुढं र्‍यूगेन बेटावर गेला. हा प्रवास 'शिडाच्या नावेवर'मध्ये उतरला आहे असं मानतात, आणि चित्र बघताना ते मनोमन पटतं. नावेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, एक पुरुष आणि एक स्त्री बसली आहेत, एकमेकांचा हात धरून. दोघांची तोंडं पुढच्या क्षितिजाकडे. क्षितिजावर धुक्यात एक शहर, त्याचे मनोरे, चर्चची टोकं. ते कुठलं एक खरं शहर नाही. ओळखीच्या गावांचे मनोरे त्यानं एकत्र आणून बसवले आहेत.

पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपण कुठं आहोत. शिडाच्या नावेची हजारो चित्रं किनाऱ्यावरून काढलेली असतात. तुमचीही जेटीवरूनच असतात. नाव तिकडे, आपण इकडे. या चित्रात नावेचा मागचा भाग चौकटीच्या खालच्या कडेनं कापलेला आहे. आपण डेकवर उभे आहोत. डोलकाठी आणि दोर आपल्या डोक्यावरून वर गेलेत, नाव किंचित कललेली आहे, आणि समोरची ती दोघं आपल्याकडे बघतही नाहीत. १८२० च्या आधी अशा कोनातून चित्र काढणं फार धाडसाचं होतं. पुढं सिनेमानं हा कोन इतका वापरला की आज आपल्याला त्यात नवल वाटत नाही. उजेड इथं समोरच्या दिव्यासारखा नाही. तो पोहोचायची जागा आहे आणि नाव आपल्याला घेऊन तिकडे चालली आहे.

आणि सूर्य नाही! सबंध चित्रात सूर्य कुठंच नाही. सकाळ आहे की संध्याकाळ हेही चित्र सांगत नाही. मला यात त्याचं मोठं शहाणपण दिसतं. सूर्याचं बिंब काढलं की पांढऱ्या रंगाला सूर्याशी तुलना सोसावी लागते, आणि पांढरा रंग तिथं हरतो. बिंब नसलं की डोळा तुलना करत नाही. सगळ्या आभाळभर पसरलेलं ते फिकं सोनेरी धुकं हाच उजेड म्हणून तो स्वीकारतो. शीडही पांढरंशुभ्र ठेवलेलं नाही. शिडाला पांढरं करायचा मोह कुणालाही होतो, तुम्हालाही होत असणार. पण शीड पांढरं झालं तर आभाळाचा उजेड शिडाकडे जाईल. म्हणून त्यानं त्याला आभाळापेक्षा खालच्या पायरीवर बसवलं.

गडद रंग त्यानं कुठं खर्च केला तेही बघा. नावेचं लाकूड, डोलकाठी, दोर, माणसं. सगळं खालच्या भागात आणि काही बारीक रेघांत. दूरचं शहर जवळजवळ आभाळाच्याच पायरीवर, जेमतेम अर्धी पायरी खाली. म्हणून ते धुक्यात विरघळल्यासारखं दिसतं. कपड्यांत रंग आहे, पण दबलेला.

१८२० साली रशियाचा राजपुत्र निकोलाय, म्हणजे पुढचा झार पहिला निकोलाय, ड्रेस्डेनला फ्रीडरिशच्या स्टुडिओत आला आणि हे चित्र घेऊन गेला. त्याचंही नुकतंच, १८१७ मध्ये, एका प्रशियन राजकन्येशी लग्न झालं होतं. मला नेहमी वाटतं, ते नाळेवरचे दोन हात बघूनच त्याचा निर्णय झाला असेल.

इथं तुमच्या जेटीचा एक प्रश्न आड येतो, आणि तो रंगाचा नसून भूगोलाचा आहे. ग्राइफ्सवाल्ड ५४ अंश उत्तरेला आहे, रत्नागिरी १७ अंशांवर. तिकडे सूर्य क्षितिजाला तिरका घासत खाली जातो, आपल्याकडे जवळजवळ सरळ बुडी मारतो. मार्च-सप्टेंबरमध्ये रत्नागिरीला सूर्य बुडाल्यानंतरचा वापरण्याजोगा संधिप्रकाश वीस-बावीस मिनिटांचा. ग्राइफ्सवाल्डला पस्तीसएक मिनिटांचा, आणि जूनमध्ये पाऊण तासाच्याही वर. म्हणजे फ्रीडरिशच्या डोळ्यापुढचा उजेड मंद, फिका, लांबत जाणारा होता. तुमच्यापुढचा थोडा वेळ लाल-केशरी भडकतो आणि विझतो. तुम्ही त्याच्या चित्रातला उजेड हवा म्हणता आणि रंगवता मिरकरवाड्याचं आभाळ. हे दोन वेगळे उजेड आहेत. तुम्हाला त्याच्या जवळचा उजेड हवा असेल तर सूर्यास्ताच्या तासभर आधी, बिंब ढगाआड असताना बसा. नाहीतर पावसाळा संपता संपता, भाद्रपदातल्या दमट दुपारच्या उतरणीला. हवेतल्या बाष्पातून सूर्याच्या दिशेनं बघितलं की तेच दुधाळ सोनं दिसतं आणि पलीकडची भगवती बंदराची टेकडी त्या शहरासारखी फिकी होते.

भडक सूर्यास्तच रंगवायचा असेल तर गुरू दुसरा धरा. इंग्रज चित्रकार टर्नरचं 'फायटिंग टेमेरेअर' घ्या, १८३९ सालचं, लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं. ट्राफल्गारच्या लढाईतलं जुनं शिडाचं जहाज वाफेची बोट ओढून मोडीत न्यायला निघाली आहे आणि पलीकडे सूर्य बुडतो आहे. टर्नर सूर्याला सामोरा जातो. सूर्याजवळचा रंग जाड, उठावाचा, खरवडलेला. आणि दुसऱ्या बाजूला जहाजाच्या फिकट रूपावर आणि दोरांवर अतिशय नाजूक काम. त्याची रीत उजेड चढवायची, फ्रीडरिशची उजेड राखायची. दोन्ही खऱ्या आहेत. तुम्ही सध्या टर्नरच्या हातानं फ्रीडरिशचं चित्र काढायला बघताय, तिथं गाडी अडते.

फ्रीडरिशच्या शेवटच्या वर्षांतलं आणखी एक चित्र तुमच्या उपयोगाचं आहे: ड्रेस्डेनमध्येच असलेलं 'दास ग्रोसे गेहेगे', साधारण १८३२ चं. एल्बे नदीकाठची ओलसर सपाट जमीन, पाण्याची तळी, त्यातून सावकाश जाणारी एक शिडाची नाव आणि वर लिंबासारखं पिवळं आभाळ. या पिवळ्याच्या शेजारी तो जांभळट करड्या ढगांचे पट्टे ठेवतो. ते झाकून बघा, पिवळा मलूल होतो. उघडा, पिवळा पेटतो. म्हणजे पिवळा उजळवायचा तर पिवळ्यात काही घालू नका, त्याच्या शेजारी थंड करडा ठेवा.

आता कामाचं. पुढचे पंधरा दिवस पिवळा रंग पेटीत बंद ठेवा. रॉ अंबर किंवा बर्न्ट अंबर, यातला एकच तपकिरी रंग घ्या, टर्पेंटाइननं पातळ करा आणि पांढऱ्या कागदावर किंवा बोर्डावर तीच होडी सहा वेळा काढा. फक्त पाच पायऱ्या. पाचवी, सगळ्यात गडद, नावेच्या पोटाला आणि डोलकाठीला. आभाळाला वरच्या दोनच. पाचवी पायरी आभाळात गेली की ते चित्र बाजूला ठेवा. सहातलं एक तरी रंगाशिवाय उजळलेलं निघेल. तेच कॅनव्हासवर न्या.

कॅनव्हास पांढरा हवा आणि गुळगुळीत हवा. जेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, तीन हात, प्रत्येक हात वाळल्यावर बारीक सँडपेपरनं घासून. आपल्याकडे सुरुवातीलाच सगळ्या कॅनव्हासवर बर्न्ट सिएनाचा हात मारायची सवय आहे. पोर्ट्रेटला ती चालते, या विषयाला नाही. तुम्ही उजेडाची जागा सुरुवातीलाच तांबडी करता आणि मग सगळं चित्र ती परत मिळवण्यात जातं.

रेखाटन पक्कं करून घ्या, मग अंबरमध्ये पातळ अंडरपेंटिंग. ते पूर्ण वाळू द्या. कोकणातल्या दमट हवेत तैलरंगाला वेळ लागतो, पावसाळ्यात तर फारच. बोट लावून चिकटपणा जाईपर्यंत पुढं जायचं नाही. त्यानंतर आभाळाचे पातळ थर. पहिला यलो ऑकर आणि पांढऱ्याचा, अगदी नावापुरता. वर जाल तसा त्यात थोडा अल्ट्रामरिन निळा आणि अंबर यांचा करडा. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात किंचित जास्त, हा नियम मोडू नका, नाहीतर पाच वर्षांनी भेगा येतील. थर लावला की रुंद, मऊ, कोरडा ब्रश त्यावरून फक्त फिरवायचा, दाबायचा नाही, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात जाताना सांधा दिसत नाही. तीन थर पुरतात. चौथ्याची इच्छा झाली तर आदल्या आठवड्यातलं अंबरचं चित्र शेजारी ठेवून बघा. बहुतेक वेळा थर वाढवायची गरज नसते, होडी थोडी गडद करायची असते.

आणि काढून टाका. तुमच्या पाठवलेल्या फोटोत अकरा होड्या, माड, बगळे आणि बर्फाचा कारखाना आहे. बर्लिनमधल्या फ्रीडरिशच्या 'समुद्राकाठचा साधू' या चित्राच्या तपासणीत दिसलं की त्यानं दोन्ही बाजूंना जहाजं रेखली होती आणि मग गाळून टाकली. राहिला तो एक माणूस, पाणी आणि आभाळ. जहाजं रेखाटायचा हात त्याच्यासारखा क्वचितच कुणाचा असेल, तरी त्यानं ती ठेवली नाहीत. तुम्ही एक होडी ठेवा. जमलं तर जेटी सोडा, ओळखीच्या कुणा तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, विचारून होडीत बसा आणि नाळेकडे तोंड करून रेखाटन करा. होडी हलते, रेघ वाकडी येते. येऊ दे.

शुद्ध पांढरा शेवटपर्यंत बाहेर काढायचा नाही. सगळं वाळलं की नाळेच्या मागं, जिथं पाणी आभाळाला टेकतं, तिथं ऑकरचा थेंब मिसळलेल्या पांढऱ्याची एकच आडवी रेघ, नखाएवढ्या लांबीची. ती ओढून ब्रश धुवा, चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि तीन दिवसांनी उलटा. तिथं आणखी काही हवंसं वाटलं तर त्या रेघेला हात लावू नका. त्याऐवजी होडीच्या पोटाखालची सावली अर्धी पायरी खाली न्या.